देवी आधी की रोमन आधी

टूर मॅनेजर म्हणून इंग्लंडमधल्या बाथ या गावाला कितीतरी ग्रुप नेलेत, पण मागच्या सीझनमधला एक दिवस काही डोक्यातून जात नाही.

लंडनहून सकाळी स्टोनहेंज आणि मग बाथ असा तो दिवस असतो. लोकांना वाटतं आम्ही उगाच घाई करतो, पण ड्रायव्हरला साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांचा ब्रेक घ्यावाच लागतो, टॅकोग्राफवर, म्हणजे गाडी किती वेळ चालली ते नोंदवणाऱ्या यंत्रावर, सगळं उमटतं, त्यामुळे आमचं घड्याळ त्याच्या हातात. त्यात कंपनीने बाथला दिलेत दीड तास, दोन हजार वर्षांच्या गावाला दीड तास! मला याचा दरवेळी राग येतो.

आदल्या दिवशी लंडनमध्ये ग्रुपमधल्या मालवणच्या एका काकूंची पर्स गेली. थोडे पाऊंड होते आणि नवऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ. पोलिसांचा ऑनलाइन फॉर्म भरत मी रात्री एक वाजेपर्यंत बसलो, इन्शुरन्सवाल्यांनी फोनवरच सांगितलं की बंद घड्याळाचं काही मिळणार नाही. काकू रडल्या नाहीत, पण जेवल्याही नाहीत.

रोमन बाथ्समध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या जुन्या रोमन स्नानगृहांत, मी नेहमीचं सांगत होतो, ४६ डिग्रीचं पाणी, रोज साधारण ११ लाख ७० हजार लिटर, इ.स. ६०-७० च्या सुमारास रोमनांनी देऊळ बांधलं वगैरे. मग रोमन काळातल्या शिशाच्या पत्र्यांची काचेची पेटी आली. बोटभर जाडीचंही नाही, पातळ पत्रे, टोकदार वस्तूने खरवडून लिहिलेले, काही गुंडाळून झऱ्यात टाकलेले. असे जवळजवळ १३० सापडलेत, बहुतेक १९७९-८० च्या खोदकामात, आणि बहुतेकांत चोरीचीच तक्रार. डोसिलिआनस नावाच्या माणसाचा टोपीवाला झगा चोरीला गेला, तर तो या झऱ्याच्या सुलिस देवीला म्हणतो, चोर बाई असो की पुरुष, गुलाम असो की स्वतंत्र, झगा तुझ्या देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, मूलबाळ होऊ देऊ नकोस.

काकू एकदम म्हणाल्या, "रे झिला, ह्यां तर गाऱ्हाणां!"

माझं आजोळ कुडाळजवळ, लहानपणापासून देवळात गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मांडलेली तक्रार-मागणी, ऐकत आलोय, आणि इतक्या वेळा या काचेपुढे उभा राहूनही मला हे सुचलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, देवी आधी की रोमन आधी? म्हटलं, देवी आधी. रोमन सैन्य ब्रिटनमध्ये आलं इ.स. ४३ ला, सुलिस इथल्या लोकांची त्याआधीची, झऱ्यात केल्टिक नाणीसुद्धा मिळालीत. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडलं, पण शिलालेखात नाव आधी सुलिसचं आणि गावाचं नावही अक्वे सुलिस, म्हणजे सुलिसचं पाणी. "म्हणजे देवी ह्येंका हंयच गावली मां?" काकू म्हणाल्या, "आमची सातेरी तशीच." कोकणातली, वारुळातली देवी सातेरी, जिला पुढे महिषासुरमर्दिनी म्हणायला लागले. बरोबरच होतं त्यांचं. आणि मी वर्षानुवर्षं माईकवर सांगत आलो की बाथ रोमनांनी वसवलं.

झगा मिळाला का, हेही विचारलं त्यांनी. ते पत्र्यावर नाही.

शेवटी झरा दिसतो त्या खिडकीशी त्या थांबल्या. खाली हिरवट पाणी, तळातून बुडबुडे, वर वाफ. हात जोडून पुटपुटत होत्या, गाऱ्हाण्यातलं शेवटचं "व्हय म्हाराजा" तेवढं मला ऐकू आलं. ग्रुपमधले दोघं शॉपिंगला वेळ उरत नाही म्हणून माझ्यावर वैतागले होते, आपल्या लोकांना बाहेरच्या दुकानातला फ्रिज मॅग्नेट देवळापेक्षा जवळचा वाटतो हे मला फार खुपतं. मी कोणालाच हाक मारली नाही. कोच १५ मिनिटं उशिरा निघाला, ड्रायव्हरचं ऐकून घेतलं.

घड्याळ मिळालेलं नाही. त्या रात्री मात्र काकू दोन वाट्या वरणभात जेवल्या. माझ्या वहीत बाथच्या पानावर "रोमनांनी वसवलेलं" हे मी खोडलंय, आणि त्याच्या वर "सुलिसचं" एवढंच लिहिलंय.