पंचवीस वर्षंवाल्यांची यादी

आमच्या कारखान्यात बक्षीस समारंभ मार्चमधल्या एका गुरुवारी व्हायचा. गुरुवारीच का, हे बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात कारखान्यांची आठवड्याची सुटी गुरुवारी. सगळं जग रविवारी लोळत पडलेलं असायचं आणि आम्ही कार्ड पंच करायच्या रांगेत उभे. त्याचा फायदा एवढाच की गुरुवारी नाट्यगृह सहज मिळायचं. शनिवार-रविवार नाटकवाल्यांचे.

मार्च महिना ठरला तो सुरक्षा सप्ताहामुळे. १९६६ साली ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून त्या दिवशी गेटवर झेंडा, शपथ, घोषवाक्यांची स्पर्धा. त्या स्पर्धेची बक्षिसंही याच कार्यक्रमात उरकायची. पण लोक येत ते घोषवाक्यं ऐकायला नव्हे. येत ते पंचवीस वर्षंवाल्यांसाठी, म्हणजे नोकरीची पंचवीस वर्षं पुरी केलेल्यांसाठी.

मी टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, कारकून. कामगार मला भाऊसाहेब म्हणत. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असले की १९४८च्या कारखाने कायद्याप्रमाणे कल्याण अधिकारी नेमावा लागे, तसे आमच्याकडे एक साहेब होते. कार्यक्रम त्यांचा, धावपळ माझी. शाली रविवार पेठेतल्या कापडगंजातून, हार मार्केट यार्डातून, नारळ कँटीनवाल्याकडून. नारळ प्रत्येक हलवून बघायचा, कारण एका वर्षी एकाचा नारळ घरी जाऊन नासका निघाला आणि पुढे सहा महिने तो मला गेटवर तेवढंच ऐकवत होता.

या सगळ्याला दोन दिवस पुरत. यादीला दोन महिने लागत.

एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली, आणि आमच्याकडची पहिली मोठी भरती १९६६ची. त्यामुळे एरवी चार-पाच नावांवर भागणारी यादी १९९१ साली एकदम एक्केचाळिसावर गेली. व्यवस्थापनाला घड्याळांच्या खर्चाचा घाम फुटला. हो, पंचवीस वर्षांना घड्याळ आणि तेही एचएमटीचं, हे ठरलेलं. टायटन तोवर बाजारात चांगलंच रुळलं होतं आणि पोरं म्हणत होती, तेच द्या, दिसायला झकास आहे. पण जुने लोक ऐकेनात. १९६१ पासून बंगळुरात निघणारं चावीचं घड्याळ. रोज सकाळी चावी द्यायची, मगच कामाला निघायचं. एका फिटरने मला सरळ सांगितलं, "भाऊसाहेब, सेलवालं नको. सेल संपला की माझी पंचवीस वर्षं बंद पडायची." मागच्या झाकणावर नाव आणि साल कोरून घ्यायचं काम माझ्याकडे. कोरणारा अक्षराला पैसे घ्यायचा, म्हणून लांब आडनावाच्या माणसांवर हिशेबनीस नाराज.

यादी लावायची रुजू तारखेप्रमाणे, सर्वांत जुना आधी. आणि भांडणं तिथेच. फाउंड्रीत साचे करणारा एक मोल्डर होता. आमच्या कागदावर तो कायम झाला ऑगस्ट १९६६ला, म्हणजे समारंभाच्या दिवशी पंचविसाला पाच महिने कमी. तो जानेवारीत टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला नि म्हणाला, "माझे बदलीचे दिवस कुठं गेले?" कायम होण्याआधी तो वर्षभर बदली म्हणून येत होता. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा झाला तरच आत जायचं. असे दिवस कुठल्याच मस्टरमध्ये धड नसत. मी त्याला पुढच्या वर्षी बघू म्हणालो. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशीही.

शेवटी साहेबांनीच जुनी पगार-रजिस्टरं काढायला लावली. स्टोअरच्या माळ्यावर, वाळवी लागलेली. मी आणि शिपाई मामा तीन संध्याकाळी बसलो. पहिल्या रजिस्टरमध्ये त्याचा अंगठा सापडला, पुढे सही. मधल्या काळात तो रात्रशाळेत जाऊन लिहायला शिकला होता, हे मला तेव्हा कळलं. दिवस मोजले, भरले. मी साहेबांना विचारलं, ग्रॅच्युइटीत वर्षाचे २४० दिवस बघतात, इथे तसं बघायचं का? साहेब म्हणाले, "ग्रॅच्युइटीला कायदा आहे. घड्याळाला कुठं आहे? लिही नाव." नाव लिहिलं, पण तारखेवरून पुन्हा वाद नको म्हणून सर्वांत शेवटी. एक्केचाळिसावं.

मग नावं वाचण्याचा प्रश्न. कार्डांवर सगळी नावं इंग्रजीत, आडनाव आधी, पुढे दोन अक्षरं. निवेदनाला एका शाळेतल्या बाईंना बोलवायचो. आवाज सुरेख, पण इंग्रजीवरून वाचताना ढोरेंचे धोरे व्हायचे आणि काळ्यांचे काले. पंचवीस वर्षांत माणूस एकदा स्टेजवर येणार आणि त्याचंच नाव चुकणार! म्हणून मी खात्याखात्यात फिरून प्रत्येकाकडून स्वतःचं, वडिलांचं नाव आणि आडनाव मराठीत लिहून घेतलं. गंमत म्हणजे कित्येकांची पूर्ण नावं त्यांच्या शेजारच्या मशीनवाल्यालाही माहीत नव्हती. ज्याला सगळे 'पैलवान' म्हणायचे त्याचं नाव कोमलचंद निघालं. खात्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

निमंत्रण सपत्नीक असायचं, ही साहेबांची अट. युनियनला पाहुणा नगरसेवक हवा होता, व्यवस्थापनाला आपले मुंबईचे संचालक. दोघांनाही बोलावलं, भाषणांना दहा-दहा मिनिटं दिली आणि दोघांनीही वीस-वीस घेतली, ते सोडा. पण शाल नवऱ्याला आणि ओटी बायकोला, यावर साहेब अडून बसले होते. पहाटेच्या पाळीचा डबा चार वाजता उठून करणाऱ्या, रात्रपाळीचा नवरा दिवसा झोपला की पोरांना दाराबाहेर खेळवणाऱ्या वहिनी नऊवारी सावरत पायऱ्या चढायच्या. काहीजणी स्टेजवरच नवऱ्याच्या कॉलरची घडी नीट करायच्या. टाळ्या त्यालाच जास्त.

त्या वर्षी फोटोग्राफरला कोटेशनप्रमाणे दोन रोल मंजूर होते, ३६-३६चे. पहिला दीपप्रज्वलन, पाहुणे आणि भाषणांत गेला. दुसरा पंचवीस वर्षंवाल्यांसाठी. हिशेब करणारा मी, आणि छत्तिसात एक्केचाळीस बसत नाहीत हे माझ्या लक्षात आलं नाही. कार्यक्रम संपला, लोक मसालेभात-जिलबीच्या रांगेत गेले, तेव्हा फोटोग्राफर हळूच येऊन म्हणाला, "शेवटच्या पाचांचं काही आलं नाही. पण वाईट वाटू नये म्हणून फ्लॅश मारत राहिलो."

मी जेवणाच्या रांगेतून पाच जोडपी शोधून काढली. साहेबांनी हातातली मठ्ठ्याची वाटी तिथेच ठेवली. मामाला सायकलवर पिटाळून चौकातून नवा रोल आणवला. तोवर पाहुणे गेले होते, आणि रात्री नाटक असल्यामुळे मंडळींनी स्टेजवर सेट लावायला घेतला होता. मागे खिडकी, पडदे, पुढे मखमली सोफा, कोपऱ्यात टेलिफोन. सरकवा म्हटलं तर ते म्हणाले, खिळे ठोकले आहेत. मग तसाच फोटो. साहेबांनी पाचांच्या हातात त्यांचीच घड्याळं पुन्हा दिली. मोल्डरची बायको शेवटची. पुन्हा शाल अंगावर पडताना बघून ती नवऱ्याला म्हणाली, "आता अजून पंचवीस वर्षं काम करायला लावतात की काय?" फोटोत दोघंही हसताना आहेत ते त्यामुळे.

अल्बममधल्या छत्तीस फोटोंत मागे बॅनर आहे. या पाचांत बंगल्याचा दिवाणखाना. मोल्डरने आपला मोठा करून फ्रेम केला होता. मी त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो तेव्हा तो दाराच्या वर लावलेला होता, आणि वराकडचे एक आजोबा चष्मा वर करून त्याला विचारत होते, "हे घर तुमचं कुठलं म्हणायचं?"