शून्याखाली सोनोग्राफी: माझा अनुभव

उंच पर्वतावरच्या तळांसाठी हातात मावेल असं सोनोग्राफी मशीन तयार करायचं काम आमच्या गटाकडे आलं, तेव्हा सगळ्यांना धास्ती होती ती अंगावर टेकवायच्या प्रोबमधल्या, ध्वनी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या क्रिस्टल्सची. ती फुकाची ठरली. उणे वीस अंशांत क्रिस्टल्स निमूट काम करत राहिले. कुरकुर केली ती त्यांच्याभोवतीच्या साध्यासुध्या वस्तूंनी.

मशीन हवं होतं मुख्यतः फुप्फुसांसाठी. उंचीवर फुप्फुसांत पाणी साठू लागलं की पडद्यावर वरून खाली उतरणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा दिसतात, त्यांना बी-लाइन्स म्हणतात. एक्स-रेचं धूड तिथवर कोण वाहून नेणार?

कोल्ड चेंबरमध्ये पहिली माघार घेतली बॅटरीने. लिथियम-आयन बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून वाईट म्हणजे ती शून्याखाली असताना चार्ज केली तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि ती कायमची अधू होते, धोकादायकही. म्हणून सेल गरम झाल्याशिवाय चार्जिंग सुरूच होणार नाही, अशी सोय केली. एलसीडी पडदा इतका सुस्तावला की हलतं चित्र फराटे ओढू लागलं. ओएलईडी, म्हणजे स्वतःच उजळणाऱ्या ठिपक्यांचा पडदा, लावल्यावर तो प्रश्न मिटला. वायरचं पीव्हीसी आवरण काठीसारखं ताठ झालं, तिथे सिलिकॉनचं घेतलं. प्रोब टेकवण्याआधी अंगाला लावायचं जेल तर बहुतांशी पाणीच, ते गोठणारच. त्यावर आम्ही बरीच रसायनं धुंडाळली, पण प्रोबच्या रबरी भिंगाला काय सोसेल आणि काय नाही, हा घोर होताच. शेवटी टिकला तो सर्वांत गावठी उपाय: जेलची ट्यूब अंगावरच्या कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवायची.

खरा घोळ झाला मोजमापात. चाचणीसाठी पाण्याच्या टाकीत ठरावीक खोलीवर नायलॉनचे दोरे ताणलेले असतात. चेंबरमध्ये पाणी गोठायच्या बेताला आलं आणि १० सेंटीमीटरवरचा दोरा मशीन ११ च्या आसपास दाखवू लागलं. प्रोब बिघडला, सॉफ्टवेअर चुकलं, असे तर्क सुरू झाले. दोष कोणाचाच नव्हता. ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरून मशीन खोली काढतं, कारण शरीराच्या मऊ ऊतींत तो साधारण तेवढा असतो. शून्य अंशाच्या पाण्यात तो १४०२ पर्यंत उतरतो. प्रतिध्वनी उशिरा येतो आणि मशीनला वाटतं, दोराच लांब आहे. माणूस आतून सदतीस अंशांवरच असतो, त्यामुळे पेशंटच्या बाबतीत हा फरक पडत नाही. मग टाकीला हीटर बसवला आणि फक्त मशीन थंडीत ठेवलं. एवढ्याशा गोष्टीवर आमची किती डोकेफोड झाली!

थंडी आणि ऊब यांची अदलाबदल हा प्रोबसाठी सर्वांत क्रूर प्रकार. त्यातले थर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि मधला गोंद सुटू शकतो. प्रत्येक फेरीनंतर आम्ही कोरड्या प्रोबवरून पेपरक्लिप सरकवत न्यायचो. पडद्यावर जिथे तिचा ठिपका मालवतो, तिथला एलिमेंट, म्हणजे क्रिस्टलचा तुकडा, मेला. महागड्या उपकरणांपेक्षा मला ही चाचणी भरवशाची वाटते. शिवाय गार मशीन उबदार तंबूत आणलं की दव धरतं, म्हणून बाहेरच हवाबंद पिशवीत घालायचं आणि तंबूत गेल्यावर मशीन कोमट होईपर्यंत पिशवी उघडायची नाही.

हातमोजे घातलेल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, तेव्हा ठळक बटणं दिली. वापरणारा डॉक्टरच असेल असंही नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २००१ पासून सोनोग्राफीची सोय आहे आणि तिथे डॉक्टर नसलेल्या अंतराळवीरांनी पृथ्वीवरच्या तज्ज्ञांच्या सूचना ऐकत स्कॅन केले आहेत. त्यावरून आम्ही प्रोब कुठे, कसा धरायचा याची चित्रं असलेलं कार्ड झाकणाच्या आत चिकटवलं.

आता हेच मशीन वाळवंटात न्यावं अशी मागणी आहे. धूळ आत जाऊ नये म्हणून पंखा काढून पेटी बंद केलेली. थंडीत ते पथ्यावर पडलं, उन्हात तेच अंगाशी येतं. अंगाला टेकणारं प्रोबचं तोंड ४३ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं, म्हणजे पॉवर कमी करा आणि धूसर चित्र सोसा. दोन्हीकडे एकच पेटी चालवायचा हट्ट मला पटत नाही. वाळवंटासाठी मी वेगळी ॲल्युमिनियमची पेटी मागितली आहे.