आमची वाटचाल: नौपाड्यातलं सायकलचं दुकान ते डॅन्यूबचा काठ

बाबांनी १९७९ साली ठाण्यात, नौपाड्यात सायकलचं दुकान टाकलं. पंक्चर, ओव्हरहॉल आणि तासाच्या भाड्याने सायकली, एवढाच धंदा. मे महिन्यात दुपारी चारनंतर पोरांची रांग लागायची. प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि सायकलचा नंबर बाबा वहीत लिहून घ्यायचे. त्या वह्या अजून आमच्याकडे आहेत. पुढे घरोघरी सायकली आल्या, मग स्कूटी आल्या, आणि भाड्याचं काम हळूहळू बंद झालं. दादाने दुरुस्ती सुरू ठेवली, गिअरच्या महागड्या सायकलींचं काम शिकून घेतलं. मी एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं आणि व्हिसाच्या टेबलावर अकरा वर्षं नोकरी केली. आमची आजची फर्म या दोन कामांतून उभी राहिली. मित्रमंडळींचे गट आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांची परदेशातली आठ-दहा दिवसांची सायकल सहल आखून देतो.

सुरुवात आमच्याच सहलीने झाली, आणि ती सहल फसली. जून २०१७. दर रविवारी ठाण्याजवळच्या येऊरचा चढ चढणारे आम्ही सहाजण. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलींचा मार्ग आहे, साधारण सव्वातीनशे किलोमीटरचा. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या मार्गाचा हा एक तुकडा. नदीच्या प्रवाहाबरोबर जायचं, त्यामुळे चढ फारसे नाहीत. मी हिशेब केला: रविवारी आपण नव्वद किलोमीटर आरामात करतो, मग तिथेही रोज नव्वद. चार दिवसांत व्हिएन्ना.

रविवारच्या नव्वदनंतर सोमवारी आपण ऑफिसात खुर्चीवर बसलेले असतो, हे मी धरलंच नव्हतं.

शिवाय सायकली इथून खोक्यात भरून नेल्या होत्या. विमानातून उतरल्यावर एकाचा हँगर, म्हणजे मागचं डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ज्या कानावर बसतं तो, वाकलेला निघाला. तो बहुधा मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. शोधण्यात अर्धा दिवस गेला, आणि तो भरून काढायला पहिल्याच दिवशी सगळे जोर लावून निघाले. तिसऱ्या दिवशी मेल्क गावाच्या अलीकडे एका मैत्रिणीचा गुडघा धरला. पुढचे दोघे कितीतरी पुढे गेले होते आणि थांबायला तयार नव्हते, कारण मुक्काम आधीच ठरलेले. मेल्कचा तो भव्य मठ मी आणि तिने रेल्वे स्टेशनवर जाताना खालूनच पाहिला आणि ट्रेनने व्हिएन्ना गाठलं. चौथ्या रात्री सहाजण एका टेबलावर जेवायला बसलो आणि कुणी कुणाशी बोलेना. वीस वर्षांची मैत्री होती. ते जेवण मला आजही टोचतं.

परत आल्यावर मी एक कोरी वही काढली आणि काय काय चुकलं ते लिहीत गेले. पुढच्या वर्षी मुलुंडच्या बँकेतली पाच मित्रांची एक टोळी दादाकडे सायकली सर्व्हिसिंगला घेऊन आली आणि म्हणाली, ताई, तुम्ही जाऊन आलात ना, आम्हाला आखून द्या. त्यांच्यासाठी तोच मार्ग मी सात दिवसांचा केला: श्लोगेन, लिंत्स, ग्राइन, मेल्क, क्रेम्स, टुल्न, व्हिएन्ना. रोज चाळीस ते साठ किलोमीटर. मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ खोऱ्यातला टप्पा मुद्दाम चाळीसच्या आत ठेवला. द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा, आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड जिथे कैदेत होता ते ड्युर्नस्टाइन. हे सगळं २००० सालापासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिथून घाईत कुणी जाऊच नये. ते पाचजण परतले आणि दुकानात येऊन तासभर एकमेकांचं बोलणं तोडत सांगत बसले. मी नोकरी सोडायचं त्या दिवशी ठरवलं. २०१८ मध्ये फर्म रजिस्टर केली.

मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं. तीन गटांची आगाऊ रक्कम आमच्याकडे होती आणि त्यातली बरीच पुढे भरून झाली होती. त्या वर्षी लोकांनी माळ्यावरच्या जुन्या सायकली खाली काढल्या. दादा सकाळी आठपासून रात्रीपर्यंत चाकांचे आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसायचा. त्या कमाईतून आम्ही हप्त्याहप्त्याने सगळ्यांचे पैसे परत केले. शेवटचा हप्ता डिसेंबर २०२१ मध्ये गेला. त्या तीनपैकी दोन गट पुढे आमच्याबरोबरच गेले.

आता आमची पद्धत सांगते, कारण फोनवर सगळे हेच विचारतात. पहिल्या बैठकीला गटातल्या प्रत्येकाने यायलाच हवं. प्रत्येकाला एक चिठ्ठी देतो. लागोपाठ दोन दिवस तुम्ही आनंदाने किती किलोमीटर चालवाल, तो आकडा लिहायचा, नाव लिहायचं नाही. त्यातला सगळ्यात लहान आकडा हाच सहलीचा आकडा. हा आमचा नियम मोडत नाही, गट रागावून दुसरीकडे गेला तरी चालेल. वेगवान मंडळींची सोय मार्गातच असते. डॅन्यूबच्या बऱ्याच भागात दोन्ही काठांनी वाट आहे, मध्ये सायकली नेणाऱ्या छोट्या होड्या आहेत. त्यांनी पलीकडून फेरा मारावा, संध्याकाळी भेटावं. गुडघे किंवा वय आड येत असेल तर तिथेच ई-बाइक भाड्याने मिळते. ती इथून नेता येत नाही, कारण १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत.

व्हिसाचं काम सहा महिने आधी सुरू करता येतं, आणि आम्ही ते तेव्हाच सुरू करतो. सुरुवात जर्मनीत असली तरी जास्त रात्री ऑस्ट्रियात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. विमा किमान ३०,००० युरोचा. परदेशी पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा करायचा कर, कापावा लागतो. तो तुमच्या आयकरात वळता होतो, हे प्रत्येकाला समजावून सांगते, नाहीतर लोकांना वाटतं आम्हीच लावलाय. खाण्याचं म्हणाल तर मेतकूट, भाजणी खुशाल न्या, पण तुपाची बरणी घरीच ठेवा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. आणि रविवारी ऑस्ट्रियात किराणा दुकानं बहुतेक बंद, तेव्हा शनिवारीच खरेदी.

पासाऊला पहिल्या सकाळी आम्ही कुणालाही रस्त्यावर सोडत नाही. आधी मोकळ्या पटांगणात एक तास. तिथल्या भाड्याच्या बऱ्याच सायकलींना पायाचा ब्रेक असतो, म्हणजे पेडल उलटं फिरवलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला सवय असते निघताना पेडल उलटं फिरवून पायाखाली आणायची. तिथे ते हलतच नाही आणि माणूस गोंधळून एका बाजूला कलंडतो. म्हणून मागचं चाक किंचित उचलायचं आणि पेडल पुढे फिरवून घ्यायचं. शिवाय आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला, तिथे डाव्या. आणि चालवायचं रस्त्याच्या उजवीकडून. हे हातापायांत बसेपर्यंत वीस-पंचवीस फेऱ्या होतात.

निघण्याआधी ठाणे ते वज्रेश्वरी अशी दोन दिवसांची चाचणी असते. शनिवारी पहाटे पाचला, सामानासकट. रविवारी सकाळी दुखऱ्या अंगाने पुन्हा सीटवर बसायचं, खरी परीक्षा तीच.

येत्या सप्टेंबरात, गणपती झाले की, सातजणांचा गट निघतोय. शाळेपासूनचे मित्र, साठीच्या आसपासचे. त्यांच्या चिठ्ठ्यांत सगळ्यात लहान आकडा निघाला पस्तीस. त्यामुळे व्हिएन्नाऐवजी क्रेम्सला थांबायचं आणि पुढे ट्रेनने जायचं ठरलं. पहिल्या बैठकीत त्यांच्यातले एक काका म्हणाले, आम्ही लहानपणी तुमच्याच दुकानातून सायकली घ्यायचो. मी बाबांच्या वह्या काढल्या. मे १९८१ च्या पानावर तिघांची नावं सापडली, समोर सायकलींचे नंबर आणि एकेक तास. गेल्या आठवड्यात सातहीजण आपापली सीट काढून घेऊन आले होते. पासाऊच्या सायकलींवर आपलीच सीट लावायची म्हणून. दादाने एकेकाला दुकानातल्या सायकलवर बसवलं, पेडल खाली असताना गुडघा किती वाकतो ते पाहिलं, आणि सातही दांड्यांवर उंचीची खूण केली.