तुम्ही विचारलंत म्हणून: मी मनोऱ्यावर का येत नाही

पहाटे पुण्याहून निघून तुम्ही पक्षी पाहायला नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या चापडगावला येता, मनोऱ्यावर चढता. मी फाटकापर्यंत सोडतो आणि गाडीतच बसून राहतो. मग परतताना कुणीतरी विचारतंच, "दाराशी नांदूर मध्यमेश्वरचं पक्ष्यांचं तळं असून तुम्हाला पक्ष्यांची आवड कशी नाही हो?"

इतकी वर्षं हसण्यावारी नेलं. आता सांगूनच टाकतो.

हे तळं काही देवाने खणलेलं नाही. गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात, १९०७ ते १९१३ मध्ये, बंधारा झाला. पाणी कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे गेलं, गाळ आमच्याकडे राहिला. गाळात पाणगवत माजलं, बेटं झाली, पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य, २०१९ साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. त्याच गाळावर पाणी ओसरलं की आमची गाळपेर असायची. हरभऱ्याची. घाटे भरायला लागले की करकोचे थव्याने उतरायचे. तुम्ही त्यांना क्रौंच म्हणता.

चौऱ्याऐंशीची संक्रांत. मी अकरा वर्षांचा. राखणीला मी आणि माझी गोफण. दव एवढं की हरभऱ्याच्या आंबेने पोटऱ्या चुरचुरत होत्या. गोटा थव्यावरून जायला हवा होता. रोज जायचा. त्या दिवशी गेला नाही. थवा उठला, एक मागे राहिला. पळाला नाही, ओरडला नाही. डावा पंख जमिनीवर फरफटत सरीतून चालत राहिला, जणू काही हरवलेलं शोधतोय. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. वर बाकीचे दुपारपर्यंत घिरट्या घालत होते, तो आवाज तुम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करता.

वडिलांनी त्याला उपरण्यात गुंडाळून घरी आणलं. आजीने पुढ्यात सोललेला हरभरा ठेवला. ज्याच्यासाठी मारलं, तोच. त्याने चोच लावली नाही. तिसऱ्या दिवशी गेला. वडील मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुला हाकलायला सांगितलं होतं."

अकरा वर्षांच्या पोराला काय कळतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण खरं सांगू? नेम मी धरला होता. रोज वरून मारून कंटाळलो होतो. आणि तरीही, तुमच्यापैकी कुणी "शेतकऱ्यांना पक्ष्यांची किंमत नाही" म्हणालं की डोकं फिरतं. किंमत आम्हीच मोजली, पायलीने. तुम्ही तिकिटाची देता.

यंदाही नदीकडच्या दीड एकरात हरभरा आहे. पोरगा पत्र्याचा डबा बडवतो. गोफण माळ्यावर आहे, हे त्याला ठाऊक नाही. टाकून का देत नाही, ते मात्र विचारू नका.

डिसेंबरात या. फाटकापर्यंत सोडतो.