तुम्ही विचारलंत म्हणून: ते स्पीकर विकून का टाकत नाही?

घरी येणारा प्रत्येक जण आधी हॉलमधल्या उंच स्पीकरांचं कौतुक करतो. मग त्याची नजर खालच्या काळ्या लोखंडी धुडावर, म्हणजे ते स्पीकर चालवणाऱ्या स्टेजच्या अ‍ॅम्प्लिफायरवर जाते. "हे मंडपवाल्याचं मशीन घरात कशाला? हे स्पीकर विक आणि सोपे घे की!" साडू हेच म्हणतात, बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, माझ्यासोबत मेंटेनन्सला असणारेही हेच म्हणतात. दर वेळी अर्धवट उत्तर देऊन मी विषय बदलत आलोय. आज पूर्ण लिहितो.

स्पीकर पुण्याच्या मावसभावाचे. त्यानं लहान घर घेतलं तेव्हा मला ते निम्म्याहून कमी किमतीत मिळाले. कागदावर चार ओहम (करंटला होणारा अडथळा; तो जितका कमी, तितका अ‍ॅम्प्लिफायरला जास्त करंट द्यावा लागतो), ८६ डीबी (एक मीटरवरचा आवाज). हे ८६ मोजलेलं असतं २.८३ व्होल्टला. आठ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढे व्होल्ट म्हणजे एक वॅट, चार ओहमच्यात मात्र दोन. म्हणजे एका वॅटला माझे स्पीकर देतात ८३ डीबी. बाजारात आठ ओहमचे, ९१ डीबीचे स्पीकर मिळतात. त्यांच्याइतका आवाज काढायला माझ्या स्पीकरना सहापटीहून जास्त पॉवर लागते. विकून टाक म्हणणाऱ्यांच्या बाजूनं हा हिशेब आहे, आणि तो खरा आहे.

तरी नुसत्या वॅटचं म्हणाल तर माझं भागत होतं. तीन मीटरवर बसून सिनेमातला ९० डीबीचा दणका ऐकायला मोकळ्या जागेच्या हिशेबानं एका स्पीकरला साधारण ४५ वॅट लागतात. बंद खोलीत त्याहून कमीच. हे स्पीकर तेव्हा ज्यावर चालायचे त्या रिसीव्हरच्या (सिनेमाच्या सगळ्या स्पीकरांचा एकत्र अ‍ॅम्प्लिफायर) खोक्यावर तर प्रत्येक चॅनेलला दीडशे छापले होते. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: सहा ओहम, एक किलोहर्ट्झ, एकच चॅनेल चालू, दहा टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटलेला. हे वाचूनही मला वाटत होतं की दीडशेचे साठ उरले तरी पुरतील.

ते साठ पुरले नाहीत. सिनेमा जरा रंगात आला की कट्ट आवाज व्हायचा, प्रोटेक्टचा (मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं तेव्हाचा) दिवा लुकलुकायचा आणि घरातले सगळे माझ्याकडे बघायचे. एका रात्री तो दिवा गेलाच नाही. झाकण काढून मीटर लावला तर डाव्या चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट.

वॉरंटी शिल्लक होती. सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. रविवार सोडून सुट्टी काढली, खोकं घेऊन एसटीत बसलो. आठवीतला मुलगा हट्टानं सोबत आला होता. काउंटरवरच्या माणसानं पेचकससुद्धा हातात घेतला नाही. स्पीकर किती ओहमचे एवढंच विचारलं. मी चार म्हणालो. त्यानं रिसीव्हर फिरवला आणि मागच्या पट्टीवर बोट ठेवलं: सहा ते सोळा ओहम. "साहेब, हे वाचलं नाही काय? चुकीचा वापर आहे हा. वॉरंटी बसत नाही."

मी मॅन्युअल सोबत नेलं होतं. त्यातलं चार ओहमच्या सेटिंगचं पान उघडून दाखवलं. हे सेटिंग कंपनीनंच दिलंय आणि पहिल्या दिवसापासून मी ते लावून ठेवलंय, असं सांगितलं. तो म्हणाला, ते सेटिंग सांभाळून वापरायला असतं. सांभाळून म्हणजे किती, ते त्याला सांगता येईना. त्या सेटिंगनं आतलं रेल व्होल्टेज, म्हणजे ट्रान्झिस्टरना मिळणारा पुरवठा, उतरतं. मशीन कमी तापतं, पण ताकदही तेवढीच घटते. म्हणजे स्पीकर अवघड म्हणून जास्त करंट हवा, आणि नेमका तिथंच मशीननं हात आखडता घ्यायचा. हे मी त्याला समजावत होतो आणि मागं रांग वाढत होती. बोर्ड बदलायचा खर्च नव्या रिसीव्हरच्या निम्मा निघाला. शेवटी तोही म्हणालाच, "स्पीकर विकून टाका की." कागदावर त्यानं "ग्राहकाची चूक" असं लिहिलं आणि सही मागितली. मी सही केली नाही. बाहेर आल्यावर पोरानं विचारलं, "बाबा, आपण काय चुकीचं जोडलं होतं?"

त्या प्रश्नानं मला आत काहीतरी टोचलं. बोर्डाच्या पैशांपेक्षाही ते जास्त लागलं, हे कबूल करतो. निपाणी येईपर्यंत मी त्याला ओहमचा नियम समजावत होतो.

घरी येऊन मोजायला बसलो. दहा ओहमचा रेझिस्टर स्पीकरच्या सिरीजमध्ये, छोट्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला मोबाइलवरून एकेक टोन, दोन्हींवरचे व्होल्ट मीटरनं मोजायचे आणि वहीत लिहायचे. मोजणी पोरानं केली. स्पीकरचे ओहम प्रत्येक टोनला वेगळे निघाले: एक किलोहर्ट्झला सहा, आणि ११० हर्ट्झच्या आसपास साडेतीनच्याही खाली. त्याच्या जरा अलीकडे, ८०-९० हर्ट्झला, वर्कशॉपच्या ऑसिलोस्कोपवर करंट व्होल्टेजच्या बराच पुढं दिसला. पॉवर फॅक्टर बिघडलेला, म्हणजे करंट आणि व्होल्टेज सोबत न चालणारा, लोड वायरी आणि स्विचगिअर तापवतो, ते आमच्या उद्यमबागेत कुणालाही सांगावं लागत नाही. इथंही तेच. स्पीकरवर व्होल्टेज शून्याजवळ असतं तेव्हाही करंट भरपूर वाहतो. अशा वेळी जवळजवळ सगळं रेल व्होल्टेज ट्रान्झिस्टरवर पडतं आणि उष्णता तिथंच साठते. सबवूफर लावून ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर ठेवा, म्हणजे त्याखालचा आवाज सबवूफरकडे जाईल, असा सल्ला सगळे देतात. चांगला आहे, मीही ठेवलाय. पण माझ्या स्पीकरचे ओहम जिथं सगळ्यात खाली जातात तो खड्डा त्या रेषेच्या वर आहे. रेष १२० ला नेली की माणसांचे जाड आवाज कोपऱ्यातल्या सबवूफरमधून यायला लागतात.

म्हणून ते धूड आलं. वडगावच्या एका साउंडवाल्यानं हलकी नवी मशीनं घेतली आणि जुनं, ट्रान्सफॉर्मरचं स्टेज अ‍ॅम्प्लिफायर विकायला काढलं. गणपतीत रात्र-रात्र चालणारं मशीन, दोन ओहमपर्यंतचं रेटिंग असलेलं. साडेतीन ओहमचं त्याला काहीच वाटत नाही. बोर्ड बदलण्यापेक्षा स्वस्त पडलं. रिसीव्हर दुसरा घेतला, जुनाच, पण प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल देणारी जोडणी) असलेला. प्री-आउट नसेल तर यातलं काहीच करता येत नाही, घेण्याआधी मागची बाजू बघा.

त्रास आहेतच. पंख्याचा आवाज शांत प्रसंगात खुपायचा, कमी वेगाचा पंखा बसवला आणि तापमान मोजत राहिलो. डिशची केबल लावली की हम, म्हणजे सतत घूं असा आवाज, यायचा. अर्थची पिन काढा म्हणजे हम जातो, असं सांगणारे भेटतात. त्यांचं कधीही ऐकू नका, जिवावर बेतेल. मी सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं तेव्हा ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनची पॉवर वर्गाच्या प्रमाणात घटते, दोन तृतीयांशच उरते. तेवढ्यावर भागतं.

आता विकत का नाही ते. आपल्या पंचक्रोशीतल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं मी यावर ऐकतो. तानपुऱ्याच्या तारा वेगळ्या ऐकू येतात, श्वास कुठं घेतला ते कळतं. ९१ डीबीवाले दोन जोड मी घरी आणून ऐकले. सिनेमाला उत्तम होते. गाण्याला माझं मन भरलं नाही. यात स्पीकरचा गुण किती आणि कोल्हापूरच्या त्या कागदाचा राग किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. बायको म्हणते, राग जास्त आहे.

स्पीकर घेण्याआधीचा मी आज समोर आला असता तर म्हणाला असता, एवढ्या खटपटीत सोपे स्पीकर आणि साधा रिसीव्हर दोन्ही आले असते, आणि संध्याकाळी निवांत बसला असतास. त्याला खोडून काढणारा हिशेब माझ्याकडे नाही. पण नवीन घेणाऱ्यानं मला विचारलं तर मी वॅट सांगत नाही. कमीत कमी ओहम किती आणि कुठल्या हर्ट्झला, ते आधी शोधून आण म्हणतो.

सेंटर स्पीकर त्याच मालिकेतला आहे, चार ओहमचाच, आणि तो अजून रिसीव्हरवर आहे. साउंडवाल्याकडं तसलंच आणखी एक मशीन आहे, पण तो सध्या किंमत सोडायला तयार नाही. तोवर व्हॉल्यूम उणे वीसच्या वर जात नाही, आणि ते आकडे सांभाळायचं काम पोराकडं आहे.