स्वप्नवही, महिना चौदावा : चिखलातली नाव

मागची नोंद टाकून तीन महिने झाले. तिसरी वही संपली, चौथी सुरू आहे. आजवरची एकूण स्वप्नं २१२. त्यातली चाळीसेक नुसती एका ओळीची, "कुठलातरी जिना, वरच्या मजल्यावर कोणीतरी खोकतंय" एवढीच. पण मोजायची म्हणजे सगळी मोजायची.

पद्धतीत एक बदल केला. आधी उशाशी मोबाइल ठेवून आवाज रेकॉर्ड करायचे. सकाळी ऐकलं की घशातली घरघर आणि मधूनच "ते... ते निळं होतं" एवढंच हाती लागायचं. निळं काय होतं ते त्या झोपेतल्या बयेलाच ठाऊक. आता शंभर पानी वही आणि शिसपेन्सिल. बॉलपेन नको, उताणं पडून लिहिताना शाई उतरत नाही. जाग आली की डोळे मिटलेलेच ठेवायचे, स्वप्नातलं शेवटचं दृश्य घट्ट धरायचं आणि तिथून एकेक पाऊल मागे जायचं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एवढं एकच पाळावं : कूस बदलायची नाही. कूस बदलली की स्वप्न गेलंच म्हणून समजा. उजव्या पानावर स्वप्न, डाव्या पानावर आदल्या दिवसाचा जमाखर्च. डावं पान कंटाळवाणं असतं आणि तेच पुढे कामाला येतं.

पहाटेची स्वप्नं खरी होतात असं आमच्याकडे सगळ्या बायका सांगायच्या. खरी होवोत न होवोत, हाती लागतात ती पहाटेचीच. माझ्या २१२ पैकी दीडशेच्या वर चार ते सहामधली आहेत. झोपेचे अभ्यासक असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली शिकागोत झोपेतली ती डोळ्यांच्या भराभर हालचालींची अवस्था नोंदवली. ठळक स्वप्नं बहुतेक त्याच अवस्थेतली, आणि रात्र सरत जाते तशी ती लांबत जाते, म्हणून पहाटेचं पीक जास्त. चरकसंहितेच्या इंद्रियस्थान या भागात याच्याच जवळचं एक सूत्र आहे : रात्रीच्या पहिल्या भागातलं स्वप्न थोडं फळ देतं आणि जे पाहिल्यावर परत झोप लागत नाही ते मोठं फळ देतं. वही ठेवणाऱ्याला हे लगेच पटावं. परत झोप लागली तर लिहायचंच राहून जातं, मग फळ कसलं घेऊन बसलात!

रकाने मी चरकाचेच घेतलेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक, दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मागितलेलं, कल्पलेलं, पुढचं सांगणारं आणि शरीरातल्या बिघाडाचं. पहिली पाच निष्फळ, असं तो सरळ सांगून टाकतो. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' याचीच शास्त्रशुद्ध आवृत्ती म्हणा. माझी १३१ स्वप्नं पहिल्या तीन रकान्यांत गेली. म्हणजे निम्म्याहून जास्त कच्चा माल कालचाच : ऑफिसातलं बायोमेट्रिक, भाचीचं टॉन्सिल, खालच्या मजल्यावरचा ड्रिलचा आवाज. भाविक रकाना अजून कोरा आहे.

दोषज रकान्याने एक गोष्ट मात्र झटक्यात निकालात काढली. दात पडण्याचं स्वप्न मला नऊ वेळा पडलं. दात पडला की घरातलं वडीलधारं माणूस जातं हे ऐकत लहानाची मोठी झाले, त्यामुळे पहिल्या तीन वेळा आईला फोन करून "बरी आहेस ना?" विचारलं. चौथ्या वेळी तिनेच विचारलं, "आज काय पडलं?" पुढे २०१८ सालचा इस्रायलमधला एक अभ्यास वाचनात आला. २१० विद्यार्थ्यांना विचारलं होतं. दात पडण्याच्या स्वप्नांचा संबंध मनाच्या ताणाशी दिसला नाही, उठल्यावर दात-हिरड्या अवघडलेल्या असण्याशी दिसला. डाव्या पानांवर पाहिलं तर नवांपैकी सहा दिवशी "जबडा दुखतोय" लिहिलेलं. दातांच्या डॉक्टरांनी झोपेत दात खाते म्हणून नाईट गार्ड दिला. तेव्हापासून एकदाच पडलं, तेही गार्ड धुवायला टाकून विसरले त्या रात्री.

साप या विषयावर मात्र वाद घालायला मी कधीही तयार आहे. साप दिसला की काहींना नागदेवता आठवते, काहींना धनलाभ आणि मनोविश्लेषक फ्रॉइड वाचलेल्यांना जे आठवतं ते आठवतं. माझं आजोळ बत्तीस शिराळ्याचं. नागपंचमीला जिथे जिवंत नाग पुजायचे तेच शिराळं. आजी नागाला भाऊ म्हणायची, उपास त्याच्यासाठी धरायची. माझ्या वहीत साप अकरा वेळा आला आणि त्यातल्या सात वेळा तो मामाच्या ओसरीवर, पाहुण्यासारखा. एकदा तर मी त्याला चहा विचारला. याचा अर्थ बुकस्टॉलवरच्या स्वप्नफलाच्या पुस्तिकेतून काय काढणार? दुसऱ्या शतकातल्या ग्रीक स्वप्नपंडित आर्टेमिडोरसचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. त्याने स्वप्नांवर पाच ग्रंथ लिहिले आणि सांगितलं की स्वप्न पाहणाऱ्याचा धंदा काय, वय काय, तो श्रीमंत की गरीब, त्याच्या गावची रीत काय, हे विचारल्याशिवाय अर्थ लावू नका. हा गडी मूळचा इफेससचा, पण नाव लावताना आईच्या छोट्याशा गावाचं, डाल्डिसचं लावलं. आजोळ जपणारा माणूस.

आता नावेकडे येते.

११ नोव्हेंबर, पहाटे पाच वीस. बाबांच्या गावचं विहिरीमागचं वावर. पाऊस होऊन गेलाय, घोट्याच्या वर चिखल. मधोमध एक लाकडी नाव रुतून बसलेली, सांगलीच्या घाटावर दिसते तशी. मी पदर खोचून ढकलतेय. भाऊ बांधावर उभा राहून म्हणतो, "अगं, अशी नाही लागणार ती." नावेच्या कडेला ताजं डांबर, ते तळहाताला चिकटतं. पुसायला पर्समध्ये कागद शोधते तर नुसत्या झेरॉक्सच झेरॉक्स.

भाषांतरित पुस्तकातून अर्थ काढला : नाव म्हणजे आयुष्याचा प्रवास, पाणी म्हणजे भावना. इथे पाणीच नाही, चिखल. म्हणजे भावना आटल्या, प्रवास थांबला. त्यावर मी अख्खं पानभर स्वतःची कीव करून घेतलेली आहे. ते पान आज वाचवत नाही.

पुढच्या आठ आठवड्यांत ही नाव आणखी चारदा आली. मग जानेवारीत वहिनीचा फोन. इकडचं तिकडचं बोलून तिने विचारलं, "ताई, नाव लागलं का हो तुमचं?"

बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं नाव लागायचं होतं. अर्ज दिला, मृत्यूचा दाखला दिला, प्रतिज्ञापत्र दिलं, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स दिल्या, आणि फेरफार काही मंजूर होईना. दर वेळी नवा कागद. भाऊ म्हणायचाच, "असं नाही लागणार, तिथे जाऊन बसावं लागतं." आणि वहीत लिहिलेलं : नाव लागत नाही. माझ्याच अक्षरात, पाच वेळा.

व्याकरणवाल्यांनी लगेच बोट दाखवू नये. ती नाव स्त्रीलिंगी, ते नाव नपुंसकलिंगी, मलाही कळतं. झोपेतलं डोकं लिंग-वचन तपासत बसत नाही, त्याला उच्चार पुरतो.

मग याच दिशेने जुनं चाळलं. ज्या भाषेचं माणूस त्या भाषेचं स्वप्न, असं फ्रॉइडचा सहकारी फेरेन्झी म्हणून गेलाय आणि फ्रॉइडने ते आपल्या स्वप्नांवरच्या ग्रंथात नोंदवलंय. (तो ग्रंथ १८९९च्या नोव्हेंबरात निघाला, ६०० प्रती संपायला आठेक वर्षं लागली. वही कोणी वाचत नाही म्हणून रुसणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) इजिप्तच्या देर अल मदिना गावातला सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा एक पपायरस आहे, आता ब्रिटिश म्युझियममध्ये. त्यात गाढवाचं मांस खाल्ल्याचं स्वप्न शुभ, बढती मिळणार. कारण त्यांच्या भाषेत 'गाढव' आणि 'मोठा' यांचा उच्चार सारखा. मराठीत गाढवाकडून बढतीकडे जायचा रस्ताच नाही. म्हणजे ऑफिसांत आहे, पण शब्दांत नाही. आणि सिकंदराची गोष्ट : इसवीसनपूर्व ३३२, टायर शहराचा वेढा रेंगाळलेला, स्वप्नात एक सॅटिर, म्हणजे ग्रीक कथांमधला अर्धा माणूस अर्धा पशू, ढालीवर नाचताना दिसला. त्याचा ज्योतिषी अरिस्टँडर याने ग्रीक शब्द मधोमध तोडला, सा टिरोस, म्हणजे टायर तुझंच. शहर पडलं.

म्हणून महिनाभर मी सगळी वही अशा शाब्दिक कोट्यांसाठी पिंजून काढली. माळ, पाट, कर, वर, घाट. स्वप्नात उघड्या माळावर उभी होते, त्या आठवड्यात चुलत बहिणीने गळ्यातली माळ विकली. जेवायला पाट मांडलेला, आणि त्याच दिवशी पाटाच्या पाण्यावरून गावात भांडण. मला वाटलं, किल्लीच सापडली.

इथे थोडं थांबावं म्हटलं. वीस स्वप्नं निवडली. प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या जोडल्या : एक त्याच आठवड्याच्या डाव्या पानाची, दुसरी भलत्याच आठवड्याची. शेजारच्या मैत्रिणीला सांगितलं, कुठली कुठल्याची ते ओळख. तिने बारा बरोबर ओळखल्या. नाणं उडवलं असतं तरी दहाएक आल्या असत्या. आणि ज्या आठ चुकल्या त्यांची कारणं तिने इतकी झकास दिली की तीन चिठ्ठ्यांच्या बाबतीत मीच मान डोलावली. 'माळ' तर भलत्याच चिठ्ठीत जास्त शोभली. कोटी शोधायला बसलं की मराठीत ती सापडतेच.

त्यामुळे कोट्यांचा रकाना पेन्सिलीनेच भरायचा, आणि तोही तीन वेळा तेच चिन्ह आल्यावर. जे अर्थाशी जुळतं ते आधी बाजूला ठेवायचं, आणि स्वप्नात जे उगाचच आहे त्याच्याकडे बघायचं. तुकोबांना स्वप्नात गुरू भेटले. गंगास्नानाला जाता वाटेत गाठलं, डोक्यावर हात ठेवला, मंत्र दिला. हे कुणीही बेतून सांगेल. पण गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं राहून गेलं, हेही तुकोबा अभंगात सांगतात. मला ते स्वप्न खरं वाटतं ते त्या तुपामुळे. माझ्या नावेतलं तसं उगाच असलेलं म्हणजे डांबर. त्याचं अजून काही जुळत नाही. मी जुळवायचा प्रयत्नही सध्या थांबवलाय.

ताजी नोंद. २० फेब्रुवारीला फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नाव लागलं. वहिनीने पेढे पाठवले. म्हटलं, चला, नाव पैलतीराला गेली.

९ मार्च, पहाटे पावणेपाच. तेच वावर. चिखल वाळून भेगा पडलेल्या. नाव तिथेच, कलंडलेली. आत एक शेळी बसलीय आणि सावकाश झेरॉक्स खातेय. कडेला हात लावला, डांबर अजून ओलं.

डावं पान : ऑडिट, भेंडीची भाजी, गॅसचा नंबर लावला.