एक तरी पेपर पेशंटच्या कामी आला का?

तुम्ही विचारलंत म्हणून. तुम्ही एकटेच नाही म्हणा. लग्नाच्या पंगतीत विचारतात, शाळेच्या ग्रुपवर विचारतात. दाताच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं असतानाच विचारलं. 'तोंडाच्या कॅन्सरच्या एपिजेनेटिक्सवर, म्हणजे अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद कशी होतात त्यावर, एवढे पेपर लिहिलेत, त्यातला एक तरी पेशंटच्या कामी आला का?'

माझ्या माहितीत, नाही.

यावर पूर्वी माझं एक ठरलेलं भाषण असे. ॲझासिटिडीन हे औषध १९६४मध्ये प्रागमध्ये तयार झालं. जड डोसात केमोथेरपी म्हणून देऊन पाहिलं, पेशंटना सोसवेना. १९८०मध्ये जोन्स आणि टेलर या संशोधकांनी दाखवलं की ते डीएनएवरचं मिथिलेशन, म्हणजे जनुकाला गप्प बसवणाऱ्या रासायनिक खुणा, कमी करतं. जनुकाची अक्षरं तीच राहतात, पण गप्प बसवलेलं जनुक बोलू लागतं. मग डोस उतरवला आणि २००४मध्ये अमेरिकेत मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमसाठी मंजुरी मिळाली. चाळीस वर्षं लागली, तेव्हा माझ्याकडे आजच हिशेब मागू नका! टाळ्या पडायच्या. यातलं काहीच खोटं नाही. पण ही लॉटरी लागलेल्याची गोष्ट आहे, आणि वाया गेलेल्या तिकिटांचं भाषण कोणी ठेवत नाही. शिवाय ते औषध रक्ताच्या आजारातलं. मी काम करते गालाच्या गाठीवर.

भाषण बंद झालं ते बार्शीकडच्या एका बाईंमुळे. नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गाठीचा तुकडा आमच्याकडे आला होता. संमतीपत्र मराठीत होतं. 'या संशोधनाचा आपल्याला थेट फायदा होणार नाही' हे वाक्यही त्यात होतं. त्याखाली नवऱ्याची सही, साक्षीदार म्हणून यांची. नवरा गेल्यावर काही महिन्यांनी त्या विचारत विचारत लॅबच्या मजल्यावर आल्या.

"म्याडम, आमचा एक रिपोट ऱ्हायलाय तुमच्याकडं."

साडीच्या दुकानाच्या पिशवीतून त्यांनी फाइल काढली. बायोप्सी, सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड, सगळं तारखेनुसार लावलेलं. त्यात एक कागद कमी आहे अशी त्यांची खात्री होती. माझ्याकडे कागद नव्हताच. होती ती एक शीट. एकेका नमुन्याचे साडेचार लाखांहून जास्त आकडे, प्रत्येक शून्य ते एकच्या मधला, डीएनएवरच्या एकेका जागी मिथिलेशन किती ते सांगणारा. वर नाव नाही, फक्त कोड. कुठला रकाना त्यांच्या नवऱ्याचा, हे मलाही सांगता आलं नसतं.

हे संशोधन आहे, तपासणी नव्हे, असं मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मग घावलं काय, ते तरी सांगा." चालू असायला हवीत ती काही जनुकं बंद पडलेली दिसतात, म्हटलं. ते जवळजवळ प्रत्येक गाठीबद्दल म्हणता येतं.

मग त्यांनी विचारलं, "पोराला हुईल का ह्ये?"

याचं उत्तर मला येत होतं. बदल गाठीतले, वर्षानुवर्षं तंबाखू-चुना गालात धरून झालेले. ते बापाकडून पोरात उतरत नाहीत. पोरगा काय खातो? मावा. मग तोंड पूर्ण उघडतंय का बघा, पांढरा चट्टा दिसला किंवा दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही तर लगेच दाखवा, असं सगळं सांगितलं. त्यातलं अक्षरही माझ्या पेपरांतलं नव्हतं. गावातल्या आशाताईंनी हेच सांगितलं असतं. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे आणि टपरीवर काय मिळतं ते तुम्हीही बघता. तिथे माझं सिक्वेन्सिंग काय करणार?

मग हे करतेस कशाला, असं मीच मला विचारते. २०१३मध्ये भारतीय गटाने हिरडी-गालाच्या कॅन्सरचा जीनोम-अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात टीपी५३सारख्या ओळखीच्या जनुकांबरोबर एमएलएल४ आणि एआरआयडी२ निघाली, म्हणजे डीएनए कसं गुंडाळलं जावं ते ठरवणाऱ्यांतली. आपल्या मावा-तंबाखूवाल्या गाठी आपणच तपासायच्या, दुसरं कोण तपासणार? आणि एमजीएमटी या जनुकाचं मिथिलेशन पाहून ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरमध्ये टेमोझोलोमाइड हे औषध कितपत लागू पडेल याचा अंदाज आज बांधतातच. तेही कधीतरी कुणाच्या शीटमधले आकडेच होते. हे लिहिताना पुन्हा ते भाषणच सुरू झालंय, कळतंय मला.

आता संमतीपत्रातलं ते वाक्य मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवते. काहीजण सही करत नाहीत. बहुतेक करतात, आणि रिपोर्ट कधी मिळेल ते विचारतात.